अनुभव धागा : मी तिथं होते, पण नव्हते

कृष्णाकाठ
ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. आम्ही सांगलीत गावभागात, सासूबाईंना घेऊन वरच्या मजल्यावर. जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मी मोजत होते. सात, आठ. नववी बुडाली आणि आवाज गेला. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण सगळं काचेपलीकडं. गॅलरीत उभी असलेली बाई मी बाहेरून बघत होते. तिला कसलीच भीती वाटत नव्हती. बोट आल्यावर तिनंच औषधांची पिशवी घेतली, सासूबाईंचा हात धरला. लोक म्हणाले, किती धीराची! निवाऱ्याच्या शाळेतले पुढचे दोन दिवस मला आठवत नाहीत.

आता पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला की भाजी चिरता चिरता स्वतःचे हात परके दिसतात. घरचे म्हणतात, तंद्री लागली. तंद्रीतलं माणूस हाक मारली की येतं. मला हाक ऐकू येते, यायची वाट सापडत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला डिसोसिएशन म्हणतात. ज्यांना असं होतं त्यांनी लिहा. झेपेल तेवढंच.

सातारा-५२
पाचवीचं अख्खं वर्ष माझ्याकडं नाही. वडील पट्ट्यानं मारायचे. छताच्या वाशात लाकडाची एक गाठ होती, मी त्या गाठीत जायचो. खाली कुणीतरी पोरगं मार खातंय, एवढंच कळायचं. दुखायचं नाही. वडील म्हणायचे, गेंड्याचं कातडं आहे.

पोवई नाक्यावरून घरी येतो आणि मधला रस्ता आठवत नाही, हे सगळ्यांचंच होतं, त्याचं काही नाही. पण मुलीची पाठवणी मला आठवत नाही. मांडवात कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, तिथून पुढं कोरं. फोटोत मी तिला धरून रडतोय. तो फोटो मी फार वेळा बघितलाय.

तासगावकर
माझी धाकटी जाऊ अशीच दात आवळून पडायची. अंगात येतं म्हणून दोन अमावास्या देवऋष्याकडं नेली. माहेरी लहानपणी तिच्यावर काय बेतलं होतं, कुणी विचारलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

समुपदेशक, मिरज
ताई, अंगात येणं म्हणजे सरसकट आजार नव्हे. जत्रेत, रीतीनं येतं, जातं आणि कुणाला त्रास नसतो, त्याला आम्ही हात लावत नाही. माणूस सोसत असेल, कामं अडत असतील, तर बघायचं. दातखीळ बसत असेल तर आधी फीट नाही ना, याची खात्री करून घ्या.

आणि हे ढोंग नव्हे, हे घरच्यांना ठणकावून सांगा. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच जाणिवेच्या अशा तुटण्यावर लिहिलंय. पळताही येत नाही, लढताही येत नाही, तेव्हा मन वेदनेपासून बाजूला सरकतं. लहानपणी त्यानंच तगवलेलं असतं. पुढं धोका नसतानाही ते तसंच सरकतं, तिथं अडचण होते. उपचारात जुनं लगेच उकरत नाहीत, आधी पाय जमिनीवर आणतात. डोळे मिटून ध्यान सगळ्यांना मानवत नाही, काहीजण आणखी लांब जातात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, गार फरशीवर अनवाणी उभं राहावं, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यावीत. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ
मला भडंगातली तळलेली लसूण चावली की लवकर येता येतं. सातारा दादा, तुमचा फोटो डोक्यातून जात नाही.

सासूबाई आता लांबून हाका मारत नाहीत. जवळ येऊन गार पाण्याचा तांब्या हातात देतात आणि विचारतात, आज वार कोणता गं? काल मी बुधवारचा शुक्रवार सांगितला. त्या म्हणाल्या, असू दे, बोललीस की.