मदत हवी आहे: भर पावसात कोथरूड ते चिपळूण, बांधाबांधीसाठी नेमकं काय विकत घ्यावं?

नमस्कार मंडळी,

माझी बदली झाली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडहून (तिसरा मजला, लिफ्ट नाही) चिपळूणला वन बीएचकेचं बिऱ्हाड हलवायचं आहे. पॅकर्सवाल्यांनी सांगितलेल्या रकमेत अर्धं सामान नवं येईल, म्हणून ४०७ टेम्पो आणि हमाल ठरवले आहेत. बांधाबांध आमची आम्ही करणार. गाडी कराडवरून कुंभार्ली घाटाने उतरेल. त्या दिवसांत तिथे पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन 'शिफ्टिंग किट' पाहिले. एकाच मापाचे वीस खोके, टेपचे दोन रोल आणि बबल रॅपची गुंडाळी. आमच्याकडे पुस्तकंच दोन कपाटं भरून आहेत, ती नि उश्या एकाच मापाच्या खोक्यात कशा भरायच्या? त्यामुळे सुटं सामान घ्यायचा विचार आहे. खर्च तीन हजारांच्या आत बसवायचा आहे.

अडलंय ते असं: खोके ३ प्लायचे पुरतील की ५ प्लायचेच हवेत? किराणा दुकानातले जुने खोके पावसात चालतील का? बबल रॅप कशाकशाला लागतो आणि कुठे जुन्या साड्या-चादरींवर भागतं? आणि ड्रेसिंग टेबलाचा आरसा, तो कसा न्यायचा?

सासूबाईंचं मत आहे की सगळं बोचक्यांत बांधा, आम्ही आयुष्यभर तसंच केलं. त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत, असं मला हळूहळू वाटायला लागलं आहे.

पुठ्ठेवाला:
ताई, भोसरीत खोक्यांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३ प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी. ५ प्लायमध्ये तीन सपाट, दोन नागमोडी. कपडे, उश्या, प्लास्टिकचे डबे यांना ३ प्लाय पुरतो. पुस्तकं, मिक्सर, काचसामान ५ प्लायमध्येच. पण प्लायपेक्षा माप जास्त महत्त्वाचं आहे. एक फूट लांब-रुंद-उंच खोक्यात पुस्तकं भरली तर साधारण १५-१८ किलो होतात, एक माणूस जिना उतरू शकतो. तेच दीड फुटी खोक्यात भरा. ते तिपटीहून मोठं असतं, म्हणजे ५० किलोच्या वर गेलं. हमाल ते तिसऱ्या मजल्यावरून उचलणार नाही, ओढत आणेल आणि तळ फाटेल. म्हणून पुस्तकांना लहान खोके, पांघरुणांना मोठे.

खोक्याची ताकद उभ्या नळ्यांत असते. आडवा टाकून वर दुसरा रचला की बसलाच. अर्धा रिकामाही ठेवू नका. वरची पोकळी टॉवेल, नॅपकिन काहीही कोंबून भरा, नाहीतर वरच्या वजनाने झाकण आत जातं.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू ओल. दमट हवेतसुद्धा तो मऊ पडतो, भिजला तर बोलायलाच नको. जुना खोका घेताना कोपरा अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला, घडी पांढरी पडलेली दिसली, की परत द्या. औषधांच्या दुकानातले खोके किराण्यापेक्षा बरे असतात. किराण्याच्या खोक्याला तेलाचा डाग असतो, आणि कधी कधी झुरळंही फुकट येतात.

टेपवर मात्र पैसे वाचवू नका. दोन इंची तपकिरी टेप घ्या, पण हाताला पातळ लागून उभी चिरत जाणारी नको. तळाला मधल्या फटीवर दोन पट्ट्या, मग दोन्ही कडांवर एकेक. धूळ फडक्याने पुसून मगच लावा. ओल्या किंवा धुळकट पुठ्ठ्यावर कुठलीच टेप धरत नाही. घरमालकाच्या किंवा तुमच्या सनमायकावर ती चिकटवू नका, डाग राहतो. कपाटांची दारं बंद ठेवायला स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणून लावायचं पातळ प्लास्टिक, गुंडाळा.

रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं सुटं मिळतं, भाव करा.

वाशिष्ठीकाठ:
चिपळुणात स्वागत! वरच्यांनी पुण्याच्या बाजूचं सांगितलं, मी इकडचं सांगतो.

टेम्पोवाल्याला ताडपत्री आहे का, हे विचारून थांबू नका, ती स्वतः उलगडून पाहा. भोकं घाटात कळून उपयोग नाही. गाडीच्या फळ्यांवर आधी प्लास्टिकचा कागद अंथरा, कारण पाणी खालूनही उडतं. कपडे आणि कागदपत्रं आधी जाड प्लास्टिक पिशवीत, मग खोक्यात. लाकडी फर्निचर मात्र कोरडं असतानाच फिल्ममध्ये गुंडाळा आणि इथे पोचल्यावर लगेच सोडवा, नाहीतर आत बुरशी धरते. पुस्तकांचंही तसंच. पाऊस संपल्यावर उघडू म्हणून खोके ठेवलेत तर ऑक्टोबरात वाळवी भेटेल.

घर तळमजल्यावर आहे का? २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत किती पाणी चढलं होतं ते आम्ही विसरलेलो नाही. खोके पहिल्या दिवसापासून पलंगावर, माळ्यावर ठेवा. फरशीवर नको.

चहाबाज:
काचेच्या ग्लासांसाठी वाइन शॉपमधून बाटल्यांचे खोके आणा. आत कप्पे तयार असतात. शेजारी काय म्हणतील त्याचा विचार करू नका, तुम्ही तर जाणारच आहात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! घर पहिल्या मजल्यावर आहे. चहाबाज, सासूबाईंना ते खोके दाखवायचं धाडस तुम्हीच करा.

आरसा अजून राहिलाच. आणि एक नवी भानगड: यंदाचं कैरीचं लोणचं चिनीमातीच्या बरणीत नुकतंच घातलंय. बरणी बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत ठेवली तर?

पुठ्ठेवाला:
आरसा टेबलापासून सुटा करा. काचेवर टेपची फुली मारा. त्याने फुटायचा थांबत नाही, पण फुटलाच तर तुकडे जागच्या जागी राहतात. मग बबल रॅप, फुगे काचेच्या बाजूला, आणि दोन्हीकडून पुठ्ठा. गाडीत गादी आणि कपाट यांच्यामध्ये उभा. आडवा कधीच नाही. ताटल्याही अशाच उभ्या लावायच्या. स्टीलच्या भांड्यांवर बबल रॅप वाया घालवू नका, त्यांना वर्तमानपत्र आणि बारदान बस. पांढऱ्या कपड्यांना मात्र वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते.

वाशिष्ठीकाठ:
लोणचं टेम्पोत नको. घाटाच्या वळणांवर बरणी आडवी झाली तर तेल खालच्या खोक्यांपर्यंत जाईल. लोणचं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा, तोंडाला प्लास्टिक, वरून दादरा बांधा आणि तुम्ही ज्या गाडीने याल तिच्यात पायाशी ठेवा. रिकामी बरणी धुऊन, कोरडी करून, आत गोधडीचा तुकडा कोंबून खुशाल खोक्यात घाला.

बोचक्यांबद्दल सासूबाईंचं ऐका. गाद्या, पांघरुणं, रोजचे कपडे चादरीत बांधले की खोके निम्मे लागतात, फक्त बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. आणि पहिल्या रात्रीचं बोचकं वेगळं करून शेवटी चढवा: चादरी, टॉर्च, चहाचं सामान, काडेपेटी. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं.