केम्निट्झ: घराजवळच्या व्हिएतनामी दुकानातून काय काय घ्यावं?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रांकफुर्ट सोडून नुकतेच पूर्व जर्मनीतल्या केम्निट्झला आलोय. तिकडे भारतीय वाणसामान दाराशी होतं. इथे आमच्या भागात तसं दुकान नाही, म्हणून तूरडाळ, पोहे, हिंग वगैरे एकदम ऑनलाइन मागवते. पण चालत जाण्याच्या अंतरावर एक चांगलं मोठं आझिया-लाडेन, म्हणजे आशियाई वाणसामानाचं दुकान आहे, व्हिएतनामी जोडप्याचं. भाज्यांचे ढीग बघून हरखायला होतं, पण निम्म्या पालेभाज्या ओळखू येत नाहीत आणि तांदळाच्या पिठाचेच चार प्रकार! मी शाकाहारी, नवरा मालवणचा, तेव्हा मासेही हवेत. शिवाय गणपती दीड महिन्यावर आलेत आणि सासूबाई पहिल्यांदाच इकडे येतायत, म्हणजे उकडीचे मोदक आलेच. जाणकारांनी सांगा, तिथून काय बिनधास्त घ्यावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये?

पोळपाट

मृण्मयी, त्या दुकानाकडे भारतीय दुकानाची तात्पुरती सोय म्हणून बघू नकोस. डाळी-मसाल्यांचं एखादं शेल्फ तिथे असतं, पण खप कमी, म्हणून महाग आणि बऱ्याचदा जुनं. मसूर, हरभरे, तीळ तुर्की दुकानात स्वस्त पडतात. व्हिएतनामी दुकानात घ्यायचं ते त्यांच्या स्वतःच्या घरात रोज शिजतं ते. तांदूळ, नारळ, चिंच, कच्चे शेंगदाणे. मूगडाळही तिथलीच घे, कारण सालं काढलेली पिवळी डाळ त्यांना चिकट भाताला आणि गोडाधोडाला भरपूर लागते, पडून राहत नाही.

आणि खरी मजा पालेभाज्यांची. पाटीवर 'राउ देन' दिसलं की तो आपला माठ, बहुतेकदा लाल. लसणीची फोडणी, ओलं खोबरं, झालं. 'मोंग तोई' म्हणजे मायाळू. जाडसर, चकचकीत पानं असतात, भजी उत्तम होतात. 'राउ मुओंग'चे देठ पोकळ असतात, ती नाळीची भाजी. लांबच लांब चवळीच्या शेंगा असतातच. कोथिंबीर काही वेळा मुळांसकट येते, ती मुळं कापून टाकू नकोस, धुऊन हिरव्या वाटणात घाल. मिरच्या मात्र जपून. बोटाच्या पेराएवढ्या थाई मिरच्या लवंगीला भारी पडतात, पोह्यांना आपल्या हिशेबाने घातल्या तर घरचे ताट सरकवून उठतील.

तांदळाचं म्हणशील तर रोजच्या वरणभाताला बासमती नकोच. साधा जस्मिन घे, इंद्रायणीची तहान बरीच भागते. त्याचाच तुकडा तांदूळ 'ब्रुखराइस' म्हणून मिळतो, त्यांच्याकडे तो मुद्दाम खातात. मऊ भात, पेज, खिचडी याला तो फारच छान. मोठं पोतं स्वस्त पडतं, पण पहिल्यांदा लहान पाकीट आणून बघ.

आळशी_सुगरण

+१. लाल माठाच्या पाटीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नाव उच्चारायला जाऊ नका, फोटो दाखवा.

एल्बकाठ

ड्रेस्डेनहून लिहितोय. पूर्व जर्मनीत एवढी व्हिएतनामी दुकानं का, असा प्रश्न नव्या लोकांना पडतो म्हणून थोडं अवांतर. १९८० साली पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम यांच्यात करार झाला आणि तिथून कंत्राटी कामगार कारखान्यांत यायला लागले. १९८९ पर्यंत त्यांची संख्या ६०,००० च्या आसपास होती. तुमचं केम्निट्झ तेव्हा कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. भिंत पडली, कारखाने बंद झाले, बरेच जण परत गेले. जे राहिले त्यांनी भाजी, फुलं, खाण्याच्या टपऱ्या असं काहीबाही सुरू केलं. त्यामुळे गल्ल्यावरच्या आजी अनेकदा तुमच्यापेक्षा अस्खलित जर्मन बोलतात, ते सुद्धा सॅक्सन हेल काढून. लाजू नका, विचारा. ताजी भाजी कुठल्या वारी येते हा पहिला प्रश्न. त्या दिवशी संध्याकाळच्या आत गेलात तर दुकान वेगळंच दिसेल.

बर्लिनला जाणं झालं तर लिश्टेनबेर्गमधलं डोंग शुआन सेंटर हा व्हिएतनामी बाजार चुकवू नका. हॉलच्या हॉल भरलेले आहेत. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

शाकंभरी

शाकाहारी म्हणून एक गोष्ट. परदेशी पाकिटावर मागे घटकांची यादी जर्मनमध्ये दिलेला पांढरा स्टिकर असतो, तोच वाचायचा. युरोपात डिसेंबर २०१४ पासून ॲलर्जीचे १४ घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुतेक ठळक अक्षरांत. आपल्या कामाचे शब्द तीन: 'फिश', 'क्रेब्सटीअरे' म्हणजे कोळंबी-खेकडे आणि 'वाइखटीअरे' म्हणजे शिंपले-कालवं. थाई करी पेस्टमध्ये सहसा कोळंबीची पेस्ट असते, किमचीतही मासा असू शकतो. समोर भाजीचं चित्र आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. जिलेटिन मात्र त्या चौदांत नाही, त्यामुळे ते ठळक नसतं. जेली आणि गोळ्या घेताना अख्खी यादी वाचावी लागते.

फणसाच्या डब्याचंही बघून घ्या. 'इन लाके' म्हणजे मिठाच्या पाण्यातला कोवळा फणस, भाजीसाठी तो. शेजारीच पाकातला पिकलेला ठेवलेला असतो आणि डबे दिसायला सारखेच.

सरंगा

मालवणी भाऊजींसाठी. 😀 फ्रीझरमध्ये 'पॉम्फ्रेट' लिहिलेलं दिसलं की लगेच उचलू नका. 'गोल्डन पॉम्फ्रेट' म्हणून जो विकतात तो पापलेट नव्हे, पाळीव पॉम्पानो आहे. जाड, चरबीदार, चव वाईट नाही, पण पापलेटच्या अपेक्षेने आणलात तर जेवताना तोंडं पडतील. इथे माशाचं शास्त्रीय नाव पाकिटावर देणं बंधनकारक आहे, त्याचा फायदा घ्या. 'पाम्पस' असेल तर पापलेट, 'ट्राखिनोटस' असेल तर तो दुसरा. सुरमईसाठी 'स्कॉम्बेरोमोरस' शोधा.

कोळंबीच्या पिशवीवर १ किलो मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरात 'आब्ट्रॉफगेविख्ट' म्हणजे निथळल्यावरचं वजन ८०० ग्रॅम, कधी त्याहून कमी. उरलेलं बर्फाचं कवच. भाव करायचा तो त्या खालच्या आकड्याशी. दोन पिशव्या शेजारी ठेवून हिशेब केला की स्वस्त वाटणारी बऱ्याचदा महाग निघते.

सुकी कोळंबी जरूर घ्या. ते लोक उकडून, सोलून वाळवतात, त्यामुळे ती सुकटीपेक्षा सोड्यांच्या जवळ जाते. सोड्याची खिचडी मस्त होते. केशरी रंग फारच भडक दिसला तर यादीत रंग घातलाय का ते पाहा.

उपवासी_बोका

साबुदाण्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? तिथला थाई किंवा व्हिएतनामी टॅपिओका खिचडीला घेऊ नका. दिसतो तसाच, कंदही तोच, पण भिजवला की पीठ होतं. आपला सेलमचा साबुदाणा करताना दाणे गरम तव्यावर फिरवून वरून थोडे शिजवतात, म्हणून तो भिजूनही मोकळा राहतो. एकादशीला लापशी खायची नसेल तर साबुदाणा भारतीयच मागवा.

पोळपाट

बोकोबा, खिरीला तो चालतो की. न भिजवता थेट उकळत्या पाण्यात सोडायचा, पारदर्शक झाला की नारळाचं दूध. आमच्याकडे उपवास नसतानाही होते.

उपवासी_बोका

खीर मान्य. खिचडीबद्दल तडजोड नाही.

मृण्मयी_के

केवढी माहिती! सोडे वाचून नवरा आत्ताच निघाला होता, आज रविवार, दुकान बंद म्हणून बसवलाय. मोदकांचं कोणी सांगेल का? पिठी कुठली घेऊ?

उकडकाकू

मृण्मयी, इथल्या पिठीचे मोदक भारतातल्या विकतच्या पिठीपेक्षा सरस होतात, हे मी माझ्या सासूबाईंसमोर बोलले होते, त्यामुळे इथे बोलायला भीती नाही. थाई पिठी बहुतेक ओल्या तांदळाची दळलेली असते, म्हणून हाताला टाल्कमइतकी मऊ लागते. तीन सोंडांचा हत्ती असलेलं एरावान ब्रँडचं पाकीट बघ. लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. तुला लाल हवं. नुसत्या हिरव्याचे मोदक केलेस तर उकडताना बसतात आणि खाताना दाताला चिकटतात. पण लालच्या एका वाटीला हिरव्यातलं चमचाभर घातलंस तर पारी तडकत नाही आणि कळ्या बारीक येतात. आणि बाप्पाच्या मोदकांच्या पिठीवर हत्ती, यापेक्षा काय हवं?

वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळायचं, आच बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरायचं. मग गरम असतानाच मळायचं. कोरडं वाटलं तर हात ओला करून मळ, पाणी ओतू नकोस.

सारणाला फ्रीझरमधलं किसलेलं खोबरं घे. ते पूर्ण सुटू दे आणि गूळ घालण्याआधी नुसतंच परतून त्यातलं पाणी उडव, नाहीतर सारण सैल राहतं. गूळ संपला असेल तर थाई पाम शुगरच्या वड्या चालतात. नारळाच्या झाडाची असेल तर ती आपल्या कोकण-गोव्याकडच्या माडाच्या गुळाची बहीणच. स्टिकरवर ऊसाची साखर मिसळलेली नाही ना ते बघ. सारणाचा रंग फिका येतो, चव खमंग.

पुणेरी_टोमणा

हे सगळं करण्यापेक्षा भारतीय दुकानातलं तांदळाचं पीठ घेतलं तर काय बिघडतं?

उकडकाकू

काही बिघडत नाही. ते भाकरीला दळलेलं असतं, भाकरी छान होते. 🙂

शाकंभरी

गणपतीचं निघालंच आहे तर पानांचं सांगते. त्या दुकानात 'ला लोट' नावाची हृदयाच्या आकाराची हिरवीगार पानं मिळतात, पूजेला विड्याची पानं म्हणून लोक घेऊन येतात. ती विड्याची नव्हेत, त्याच कुळातली वेगळी वेल आहे, ते लोक त्यात मांस गुंडाळून भाजतात. विड्याचं पान हवं तर 'ला त्राउ' मागायचं. प्रत्येक दुकान ठेवत नाही, पण सांगून ठेवलं तर काही जण मागवून देतात. केळीची पानं फ्रीझरमध्ये असतात. सुटल्यावर गरम तव्यावरून क्षणभर फिरवली की लवचिक होतात, फाटत नाहीत. नैवेद्याला, पानगीला आणि मोदकपात्रात खाली घालायला एक पाकीट पुरतं.

मृण्मयी_के

काकू, शाकंभरीताई, सगळ्यांचेच आभार. यादी केली आहे. 'ला त्राउ' उद्याच विचारते. बांबूची चाळणी मोदकपात्र म्हणून चालेल का? तिथे छान रचून ठेवल्यात.

उकडकाकू

चालेल की. कढईपेक्षा थोडी मोठी घे, म्हणजे काठावर बसते. पहिल्यांदा नुसतीच वाफेवर ठेवून घे, नाहीतर बांबूचा वास मोदकांना लागतो. आणि झाकणही बांबूचंच घे, त्यातून वाफ निघून जाते, पाण्याचे थेंब मोदकांवर पडत नाहीत.