मदत हवी आहे: लायसन्स न्यू जर्सीचं, क्लायंट भलत्याच राज्यात

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत सायकॉलॉजिस्ट आहे. (सायकियाट्रिस्ट नाही, गोळ्या लिहून देत नाही. आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद झोपेच्या गोळीवर येतो.) एम.ए. पुण्यात, डॉक्टरेट इथे, लायसन्स फक्त जर्सीचं, म्हणजे त्या राज्यापुरतंच. गेल्या वर्षी ग्रुप प्रॅक्टिस सोडून स्वतःचं सुरू केलं. दोन दिवस एडिसनच्या ऑफिसात, बाकी व्हिडिओवर.

आता गुंता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला कॅलिफोर्नियाला चालली आहे. दोन वर्षं माझ्याकडे येते, आत्ता कुठे मोकळी व्हायला लागली होती. तिची आई म्हणते, "पत्ता आमच्याच घरचा, इन्शुरन्सही जर्सीचा, मग अडचण काय?" दुसऱ्या एक बाई टेक्सासला हलल्या, त्यांना मीच हवी आहे.

तिसऱ्याने माझी झोप उडवली. राहतो जर्सी सिटीत, दर बुधवारी दुपारी एकला सेशन. परवा त्याच्या मागच्या खिडकीत समोरच्या गच्चीवरची लाकडी पाण्याची टाकी दिसली, मॅनहॅटनमध्ये असते तशी. म्हटलं, कुठे आहेस रे? म्हणाला, "ऑफिसात. दर बुधवारी कॉन्फरन्स रूम बुक करतो ना!" म्हणजे आठ महिने मी न्यूयॉर्कमधल्या माणसाची थेरपी करत होते.

चौथं प्रकरण मी स्वतः. आईचा मोतीबिंदू, डिसेंबरात पाच आठवडे पुण्यात. पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथे सकाळचे नऊ, वेळ छान जमते. पण तिथून सेशन घेतलं तर चालतं का?

जुन्या ठिकाणच्या सीनियर बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कोण बघायला येतंय?" मला हे उत्तर नकोय.

— पाऊसवेडी

दोनकपचहा: मी पेनसिल्व्हेनियात, तुमच्याच धंद्यातली. आधी टेक्सास, कारण ते सोपं आहे. जर्सी आणि टेक्सास दोन्ही सायपॅक्टमध्ये आहेत. सायकॉलॉजिस्टना दुसऱ्या राज्यातले क्लायंट घेता यावेत म्हणून राज्याराज्यांतला करार आहे हा. सुरुवात ॲरिझोनाने 2016 मध्ये केली, सात राज्यं झाल्यावर 2019 मध्ये करार लागू झाला, अर्ज 2020 पासून घ्यायला लागले. आता चाळीसच्या वर राज्यं आहेत. तुम्ही टेक्सासचं लायसन्स काढायचं नाही. एएसपीपीबीकडून (राज्यांच्या सायकॉलॉजी बोर्डांची संघटना) ई-पासपोर्ट नावाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्यावर सायपॅक्ट आयोगाची परवानगी. मी भरले तेव्हा 400 आणि 40 डॉलर होते, शिवाय दर वर्षी नूतनीकरण. डॉक्टरेट मान्यताप्राप्त प्रोग्रॅमची हवी, ईपीपीपी (आपली लायसन्सची परीक्षा) पास हवी, राज्याच्या लायसन्स बोर्डाची कारवाई झालेली नको. ट्रान्सस्क्रिप्ट थेट युनिव्हर्सिटीकडून जातं, त्यातच वेळ मोडतो. आजच मागवा. आणि परवानगी हातात येईपर्यंत टेक्सासचं सेशन नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. क्लायंट टेक्सासात तर कायदा टेक्सासचा. कॅलिफोर्नियात 1976 च्या तारासॉफ निकालापासून, क्लायंटने कुणाच्या जिवाला धोका असल्याचं सांगितलं तर त्या माणसाच्या रक्षणाची जबाबदारी थेरपिस्टवर येते, हे आपण सगळे घोकून आलोय. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये ती जबाबदारी मानायला नकार दिला. तिथे पोलिसांना किंवा डॉक्टरांना कळवायची मुभा आहे, सक्ती नाही. सवयीने हात फोनकडे जाण्याआधी ते वाचून ठेवा.

उंटावरचाशहाणा: मी आयटीवाला, त्यामुळे माझ्या शंकेला हसा. ड्रायव्हिंग लायसन्स जर्सीचं असलं तरी मी फ्लोरिडापर्यंत गाडी हाणतो. तुमचं डोकं राज्याची सीमा ओलांडली की बंद पडतं का?

दोनकपचहा: 😀 डोकं चालू राहतं, परवाना बंद पडतो. इथे व्यवसायाचे परवाने राज्यं देतात. डॉक्टरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने 1889 मध्येच राज्यांचा हा अधिकार उचलून धरला. सायकॉलॉजिस्टसाठी पहिला कायदा कनेटिकटने 1945 मध्ये केला, शेवटचं राज्य मिसूरी, 1977. सगळं तुकड्यातुकड्यांत झालं. त्यात कोविडमध्ये बऱ्याच राज्यांनी तात्पुरती सूट दिली, ती संपली, पण लोकांच्या डोक्यात ती अजून चालूच आहे. त्या सीनियर बाई बहुतेक तिथेच अडकल्यात.

संत्रीसोलणारी: मी सान होजेत. कॅलिफोर्निया सायपॅक्टमध्ये नाही, न्यूयॉर्कही नाही. म्हणजे ताई, तुमची नेमकी दोन डोकेदुखीची राज्यं बाहेर. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक फट आहे. दुसऱ्या राज्यात डॉक्टरेटच्या पातळीवर लायसन्स असलेल्याला कॅलेंडर वर्षात 30 दिवसांपर्यंत इथे सेवा देता येते. दिवस कसे मोजायचे ते आमच्या बोर्डाला ईमेल करून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर ते दिवस चार वर्षं ताणायला वापरू नका, हात सोडवायला वापरा. कॅम्पसवर कौन्सेलिंग सेंटर असतं. ऑगस्टमध्येच मुलीला तिथे नाव घालायला लावा, नव्या थेरपिस्टशी तुमचं एकदा बोलणं होऊ द्या. थँक्सगिव्हिंगला ती एडिसनच्या घरी आली की तुमच्याकडे येऊ शकतेच.

आणि त्या आईला सांगा, इन्शुरन्स कुठला आणि पत्र कुठे येतं याचा संबंध नाही. सेशनच्या वेळी मुलीची खुर्ची कुठे आहे, एवढंच बघतात.

पाऊसवेडी: खुर्ची! हे मी आईला अस्संच सांगणार. आणि बुधवारवाला?

दोनकपचहा: त्याचं कडू आहे. मॅनहॅटनमधलं सेशन तूर्त बंद. एकतर न्यूयॉर्कचं लायसन्स काढा (ईपीपीपी पुन्हा द्यावी लागणार नाही, पण कागदपत्रं भरपूर), नाहीतर त्याने नदीच्या अलीकडे, जर्सीत येऊन बसावं. मागच्या आठ महिन्यांबद्दल तुमच्या मालप्रॅक्टिस (व्यावसायिक चुकांचा विमा) कंपनीच्या सल्ला लाईनला फोन करा, बहुतेक कंपन्यांची असते. आणि हात जोडून सांगते, जुन्या नोट्समध्ये आता जागा 'दुरुस्त' करू नका. जे लिहिलंय ते राहू दे. कळलं त्या दिवशीची नवी नोट लिहा: आज समजलं, हे केलं.

यापुढे प्रत्येक सेशनचा पहिला प्रश्न, "आत्ता कुठे आहात?" पत्ता नोटमध्ये. यात लायसन्सचं आहेच, पण दुसरंही आहे. क्लायंटचं काही बरंवाईट झालं आणि तुम्ही एडिसनमधून 911 (आणीबाणीचा नंबर) फिरवलात तर फोन जर्सीत लागणार. टेक्सासात मदत पाठवायची तर तिथल्या काउंटीचा नंबर आधीच लिहिलेला हवा. माझ्या मॉनिटरला पिवळ्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येक बाहेरच्या क्लायंटची एक.

कोथरूडचीखिडकी: पुण्याहून. मी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. वाचून गंमत वाटली, कारण आमचं रजिस्टर केंद्रीय, 1992 च्या कायद्याचं. कोथरूडमधून नागपूरचा क्लायंट घेतला काय नि गुवाहाटीचा काय, नोंदणी तीच. म्हणून इथे येऊन पुण्यातले क्लायंट घ्यायचा विचार मनात असेल तर इथलं आधी तपास. जर्सीच्या लायसन्सवर इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही.

दोनकपचहा: बरोबर. आणि पुण्यातून टेक्सासचं सेशन तर नकोच. सायपॅक्टमध्ये तुम्ही स्वतः होम स्टेटमध्ये, म्हणजे लायसन्सच्या राज्यात, बसलेल्या हव्यात. क्लायंटची खुर्ची बघतात तशी तुमचीही. जर्सीतल्या क्लायंटचं पुण्यातून चालेल का, ते बोर्डाकडून आणि मालप्रॅक्टिसवाल्यांकडून लेखी घ्या. नाहीतर पाच आठवडे सुट्टी घ्या, पाठीमागे कोण बघेल त्याचं नाव क्लायंटना द्या, आणि आईच्या डोळ्यात वेळेवर थेंब घाला.

पाऊसवेडी (तीन आठवड्यांनी): अपडेट. ई-पासपोर्टचा अर्ज गेला. युनिव्हर्सिटीने ट्रान्सस्क्रिप्ट माझ्या जुन्या पत्त्यावर, माझ्याच नावाने पाठवलं, त्यामुळे पुन्हा मागवलंय. टेक्सासच्या बाईंना तोवर थांबायला सांगितलं, तिथल्या दोन जणांचे नंबर दिले. मुलीचं कॅम्पसवर नाव घातलं. तिची आई थोडी नाराज आहे. बोर्डाचं उत्तर नाही, म्हणून डिसेंबर सरळ सुट्टी.

बुधवारवाल्याचं सेशन शुक्रवारी नेलं, त्या दिवशी तो घरून काम करतो. काल कॅमेरा सुरू झाल्या झाल्या, मी विचारायच्या आत, त्याने लॅपटॉप उचलून खिडकीकडे फिरवला. नदी, आणि पलीकडे मॅनहॅटन. "आज इकडच्या काठावर आहे, लिहून घ्या," म्हणाला.