आजचा शब्द : ठाणे
(बोलणारे इथे आपापल्या भागाच्या नावाने आहेत.)

नौपाडा : सुप्रभात मंडळी. काल शेजारच्या काकू फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "अहो, त्याला ठाण्यात नेलंय." पलीकडचं माणूस बहुतेक हादरलं, कारण काकूंना लगेच खुलासा करावा लागला : पोलिसांनी नाही, मामाने, चष्म्याचा नंबर काढायला! तर आजचा शब्द ठाणे. गावाचं ठाणं आणि पोलिसांचं ठाणं, शब्द एक की दोन?

कोपरी : दोन असावेत. पोलिसांचं ठाणं हिंदीतल्या 'थाना'वरून आलं असेल. आपलं गाव त्याहून कितीतरी जुनं.

घंटाळी : एकच हो. संस्कृत स्थान, प्राकृतात ठाण. हिंदीने 'थ' धरला, मराठीने 'ठ'. उठणे, ठेवणे, पाठवणे हीसुद्धा त्याच 'स्था' धातूची लेकरं. उत् + स्था म्हणजे उठणे, स्थापयतिपासून ठेवणे, प्रस्थापयतिपासून पाठवणे. इतिहासाच्या पुस्तकात 'शत्रूचं ठाणं उठवलं' वाचतो ना, त्यात ठाणंही तेच आणि उठवणंही तेच!

गावाचं म्हणाल तर शिलाहार राजांच्या काळात ते 'श्रीस्थानक' होतं. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना त्यांच्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट सापडला, शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017. त्यात हे नाव आहे. पुढे 'श्री' गळून पडली, 'स्थानक'चं ठाणें झालं. हो, शेवटी अनुस्वार होता. 1962 च्या लेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि 'ठाणे' उरलं. बोलण्यात मात्र ठाणंच.

तो किल्ला म्हणजे आजचा तुरुंग. तेव्हा 'ठाण्यात नेलं'चा तिसरा अर्थही निघतो, पण काकूंना कळवू नका.

ऐरोली : थांबा थांबा. म्हणजे 'ठाणे स्थानक' म्हणजे 'स्थानक स्थानक'? मी रोज तिथून गाडी पकडतो हो!

कोपरी : गाईचं गोमूत्र, पिवळा पीतांबर, ठाणे स्थानक.

ऐरोली : मग 'ठाणे स्टेशन' म्हणावं. निदान द्विरुक्ती तरी टळेल.

नौपाडा : तिथेही सुटका नाही दादा. स्टेशन ज्या लॅटिन धातूपासून आलं त्याचा अर्थ 'उभं राहणे', आणि तो आपल्या 'स्था'चा चुलतभाऊ. हिंदुस्तान, अफगाणिस्तानमधलं 'स्तान'ही याच कुळातलं. मला तर यात गंमत वाटते ती वेगळीच. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली, चौदा डबे, सुमारे चारशे माणसं, 34 किलोमीटरचा प्रवास, आणि पोचली कुठे? ज्या गावाचं नाव त्याच्याही आठशे वर्षं आधी 'स्थानक' होतं तिथे. रूळ नंतर आले, पाटी आधीच तयार.

ऐरोली : हे आज ऑफिसात सांगणार.

कळवा : आमच्या गावाकडे गुरं-घोडी बांधायची जागा म्हणजे ठाण. बैल ठाणावर आहे, असं आजी म्हणायची. ठाणबंद जनावर म्हणजे चरायला न सोडता जागेवरच खाऊ घातलेलं. आणि पाहुणा उठायचं नाव घेत नसला की 'ठाण मांडून बसलाय'. याचा तुमच्या शहराशी संबंध आहे का?

घंटाळी : सरळ संबंध आहे ताई. ठाण म्हणजे जिथे एखादी गोष्ट पक्की उभी राहते ती जागा. बैलाची असो, शिपायाची असो की दिव्याची. पूर्वी उभ्या पितळी दिव्याला 'ठाणवई' म्हणत. आणि घोड्याच्या ठाणाला इंग्रजीत 'स्टेबल' म्हणतात, तोही त्याच खानदानातला.

कळवा : ठाणवई! आमच्या देवघरात आहे, आम्ही नुसतं 'मोठा दिवा' म्हणतो.

नौपाडा : आता माझी खरी तक्रार. हल्ली जाहिरातींत 'आता ठाणेमध्ये', 'ठाणेला राहा' असं छापतात. ठाण्यामध्ये, ठाण्याला! पुण्याला, पुण्यात, तसंच ठाण्याला, ठाण्यात. 'ठाणेला' वाचलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

ऐरोली : पण 'ठाणेकर' म्हणतोच की. ते 'ठाण्याकर' का नाही?

नौपाडा : 'कर' हा विभक्तीचा प्रत्यय नाही. त्याच्याआधी सामान्यरूप होत नाही. पुणेकर, ठाणेकर. ठाणेदारही तसाच.

कोपरी : माझं मत थोडं वेगळं आहे. नवीन पिढी 'ऐरोलीला', 'वाशीला', 'घणसोलीला' म्हणत मोठी झाली. तिथे शब्द बदलतच नाही. त्या सवयीने 'ठाणेला' तोंडात येत असेल. चूक आहे, पण आळस नाही.

नौपाडा : जाहिरात लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात काका. त्याला माफी नाही.

घंटाळी : अनेकवचनातली मजा राहिली. पोलिसांची ठाणी होतात, गावाचं अनेकवचन होत नाही. 'नवी मुंबईतली ठाणी' म्हटलं की कुणीही काकूंच्या फोनवरच्या माणसासारखं गोंधळणार नाही.

ऐरोली : एक शेवटचं. पलीकडे कोपरखैरणे, तुर्भे आहेत. कोपरखैरणेला की कोपरखैरण्याला?

नौपाडा : कोपरखैरण्याला. आणि तुर्भ्याला.

ऐरोली : मी आत्ता गाडीतच आहे. शेजारच्या काकांना मुद्दाम विचारलं, "तुम्ही कोपरखैरण्याला उतरणार का?" ते म्हणाले, "नाही, सानपाड्याला." जमलं की!