सीडी प्लेयरवर पन्नास हजार घालायचे का?

तंबोरा_ठाणे
आमचा सीडी प्लेयर गेल्या महिन्यात आडवा झाला. ट्रे बाहेर येतो, आत जातो, तबकडी दोन गिरक्या घेते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. अठरा वर्षं इमानेइतबारे वाजला, तक्रार नाही. घरात चारशेच्या आसपास सीड्या आहेत. बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत, थोडं जॅझ. निम्म्याअधिक काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं, त्यामुळे या सीड्यांवर जरा जास्तच जीव आहे.

अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर बरे आहेत, खोली बारा बाय चौदा. बजेट पन्नास हजार. डोळ्यासमोर मरँट्झ सीडी६००७, यामाहा सीडी-एस३०३ आणि डेनॉन डीसीडी-६००एनई आहेत. दुसरा मार्ग म्हणजे केंब्रिज सीएक्ससीसारखा नुसता ट्रान्सपोर्ट, म्हणजे फक्त तबकडी वाचणारं यंत्र, घ्यायचा (याला अ‍ॅनलॉग आउटपुटच नसतं) आणि डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग, वेगळा जोडायचा.

भाचा म्हणतो, “मामा, घरात डीव्हीडी प्लेयर पडलाय, तोच लावा.” लावला. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, पण तबलजी काही थांबत नाही. या पठ्ठ्याने नेमकं तिथे ‘टक्’ केलं आणि अर्धा सेकंद मुका झाला. गवई समेवर आला तेव्हा समच गायब! म्हणून माझं मत असं की गाणं ऐकायचं तर गाण्यासाठी बनवलेलंच यंत्र हवं, आणि त्याला पैसे पडतात. तुम्हाला काय वाटतं?

शून्यएक
असहमत. ट्रॅकमधला खंड हा त्या डीव्हीडी प्लेयरच्या सॉफ्टवेअरचा दोष, तो मान्य. पण त्यावरून पन्नास हजारांवर उडी मारू नका.

सीडीचा साचा १९८० साली ठरला: १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने. सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजाचा आवाका ९६ डेसिबल. ठाण्यात रात्री दोन वाजता पंखा बंद करून बसलात तरी खोलीत तीसेक डेसिबलची घरघर असतेच. आजचा कुठलाही धड प्लेयर हे ९६ डेसिबल जवळजवळ पुरते देतो. मग महाग प्लेयरबद्दल लोक बोलतात ती ‘ऊब’, ‘मोकळेपणा’ वगैरे कुठून येतं? बऱ्याचदा एक प्लेयर दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा वाजत असतो, बस. पाव-अर्धा डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानात आवाज मीटरने समान केल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे वेगवेगळ्या तराजूंवर भाजी तोलणं.

मी घरी केलंय. दोन प्लेयर, एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट. पातळी जुळवली, बायको पडद्यामागून वायर बदलत होती. वीस वेळा ऐकलं, अकरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. ते पैसे स्पीकरला घाला.

जुनी_सुई
शून्यएक, तुमचे कान तुमचे, आमचे आमचे. :)

सीडीतून निघणारे आकडे सारखे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपण आकडे ऐकत नाही. आकड्यांचा सिग्नल होतो, तो फिल्टरमधून, ऑपअँपमधून, कपॅसिटरमधून जातो. पॉवर सप्लाय कसा आहे, घड्याळाचा क्रिस्टल किती स्थिर आहे, हे सगळं त्यात येतं. माझ्याकडे फिलिप्सच्या टीडीए१५४१ या डॅक चिपचा जुना प्लेयर आहे. तंबोऱ्याची जवारी त्याच्यावर जशी उलगडते तशी आजच्या स्वस्त प्लेयरवर नाही उलगडत. मापात पकडता आलं नाही म्हणून ते नाहीच, असं कसं?

तंबोरा, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, जास्त बारकाव्याची तबकडी) वाजवणारा बघा. जॅझ ऐकता ना?

शून्यएक
जवारीला मी हात जोडतो, पण तीसुद्धा वायर बदलणारा दिसत नसताना उलगडली पाहिजे.

क्रिस्टलचं, म्हणजे वेळेच्या काटेकोरपणाचं म्हणाल तर गंमत सांगतो. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आलेला सोनीचा सीडीपी-१०१ हा बाजारातला पहिला सीडी प्लेयर. त्यात डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलना मिळून डॅक एकच! आळीपाळीने काम करायचा, त्यामुळे एक चॅनेल दुसऱ्याच्या साधारण ११ मायक्रोसेकंद मागे. भयंकर वाटतं ना? तेवढ्या वेळात आवाज चार मिलिमीटर जातो. ‘वाहवा’ म्हणून मान डोलावलीत की त्याच्या कितीतरी पट फरक पडतो.

आणि एसएसीडी? १९९९ पासून आहे, पण आपल्या संगीताच्या किती मिळतात? तंबोरांच्या चारशेंत एक तरी आहे का?

तंबोरा_ठाणे
एकही नाही. एसएसीडी बाद.

परसबाग
मी वेगळंच सांगते. प्लेयर घेऊच नका, सगळ्या सीड्या रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, ठेवा. सासऱ्यांच्या साडेतीनशे मी केल्या. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) एक सीडी सरासरी तीनशे एमबी, म्हणजे तुमचं सगळं संगीत १२० जीबीत मावेल. अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय आहे. तीच सीडी जगात इतरांनी रिप केली असेल तर तुमची फाइल त्यांच्याशी ताडून बघता येते. एकही बिट चुकलेला नाही याची खात्री याहून चांगली कुठला प्लेयर देणार? शिवाय सीड्या अमर नसतात. इंग्लंडच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते ९३ च्या दरम्यान निघालेल्या कित्येक तबकड्या तांबूस होऊन वाया गेल्या.

आता खरं काय ते. एका सीडीला दहाबारा मिनिटं, हे ठीक. नावं घालताना मात्र जीव गेला. नेटवरच्या याद्यांत कुठे रागाचं नाव गायकाच्या रकान्यात, कुठे भीमपलासची तीन स्पेलिंगं, कुठे ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’. एक पूर्ण पावसाळा त्यात गेला. आणि सासरे? टॅबलेटला हात लावत नाहीत. त्यांना डबी उघडायची असते, आतली पुस्तिका चष्मा लावून वाचायची असते. शेवटी दिवाळीला त्यांना यामाहाचा प्लेयर आणून दिला. म्हणजे वर जे लिहिलं ते मीच पाळलेलं नाही!

कोल्हापुरी_सोल्डर
मंडळी, पेशंटला टेबलावर न घेताच श्राद्धाचं जेवण ठरवताय होय?

तबकडी फिरते आणि ‘नो डिस्क’ येतं, म्हणजे बहुतेक वेळा पिकअप, तबकडी वाचणारा लेसर-लेन्सचा भाग. डॅक, पॉवर सप्लाय सगळं ठणठणीत असणार. आधी प्लग काढा, झाकण उघडा. लेन्स म्हणजे मसुराच्या डाळीएवढा पारदर्शक थेंब. कॉटन बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, अगदी थोडं, आणि हलक्या हाताने फिरवा. आपल्याकडे उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि वर चार महिने दमट हवा. लेन्सवर चिकट थर बसतोच. नाही जमलं तर पिकअपवर नंबर काय लिहिलाय तो कळवा. केएसएस-२१३ असेल तर नशीब काढलंत, हजारच्या आत बात.

वरच्या भांडणात सगळे डॅकवर बोलले. पंचवीस वर्षं प्लेयर उघडतोय, डॅक चिप जळून आलेला प्लेयर बोटांवर मोजावा. येतात ते पिकअप, ट्रेचा रबरी पट्टा आणि स्पिंडल (तबकडी फिरवणारी) मोटर घेऊन. म्हणून नवीन घेताना दुकानदाराला एकच विचारायचं, “याचा पिकअप पाच वर्षांनी मिळेल का?” तो गडबडला तर बाहेर पडायचं.

जुना घेत असाल तर चौऱ्याहत्तर मिनिटांच्या पुढची एखादी गच्च भरलेली सीडी बरोबर न्या आणि शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. थकलेला प्लेयर पहिला ट्रॅक झोकात वाजवतो आणि कडेला गेला की अडखळतो. विकणारा नेहमी पहिलाच ट्रॅक ऐकवतो.

जुनी_सुई
सोल्डररावांशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. जपानहून जुना मागवायचा मोह झाला तर मागची पाटी वाचा. तिकडे वीज १०० व्होल्टची. मी उत्साहात २३० वर लावला आणि ट्रान्सफॉर्मरचा वास तीन दिवस हॉलमध्ये होता.

शून्यएक
त्या वासात ‘ऊब’ होती का? :D

तरी सोल्डररावांचं पटलं. माझा मुद्दा फक्त आवाजापुरता होता. टिकाऊपणासाठी पैसे मोजायला माझी ना नाही.

तंबोरा_ठाणे
उघडला. लेन्स पुसली, फरक शून्य. पण पिकअपवर केएसएस-२१३सी लिहिलंय!

मधल्या काळात एका दुरुस्तीवाल्याला दाखवला होता. त्याने न उघडताच “बोर्ड गेला, नवीन घ्या” असं सांगितलं होतं. शनिवारी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन येतो. जमलं तर पन्नास हजार वाचले, आणि ते शून्यएक म्हणतात तसे स्पीकरला घालायचे की नाही यावर नवा धागा काढू. नाही जमलं तर मरँट्झ, हे माझं मत अजून कायम आहे.

कोल्हापुरी_सोल्डर
जावा. डबीबंद बघून घ्या, सुटा ठेवलेला घेऊ नका. आणि नव्या पिकअपच्या पट्टीवर सोल्डरचा एक ठिपका असतो. स्थिर विजेने लेसर मरू नये म्हणून कारखान्यातच दोन टोकं जोडलेली असतात. सगळं बसवून, कनेक्टर घातल्यावर तो ठिपका काढायचा. हे विसरून कितीतरी जणांनी चांगला पिकअप कचऱ्यात टाकलाय.

तंबोरा_ठाणे
आणला, बसवला. चार स्क्रू आणि एक कनेक्टर, एवढंच काम निघालं. कुटुंब टाळ्या वाजवायला जमलं होतं.

‘नो डिस्क’.

कोल्हापुरी_सोल्डर
ठिपका?

तंबोरा_ठाणे
थांबा, आलोच.