सगळं खापर जुन्या मशीनवर नको
हेलिकॉप्टर जुनी झाली की पार्ट गळणारच, असं काही जण म्हणतात, पण जपानमधल्या ओकिनावाची केस बघा ना. १३ डिसेंबर २०१७ ला फुतेन्मा या अमेरिकन लष्करी विमानतळाला लागून असलेल्या प्राथमिक शाळेच्या मैदानात अमेरिकन मरीनच्या सीएच-५३ई हेलिकॉप्टरची ७.७ किलोची खिडकी पडली, तेव्हा पीटीचा तास चालू होता, पोरं मैदानातच होती, एकाला किरकोळ लागलं तेवढ्यावर निभावलं. ती इमर्जन्सीत सुटावी म्हणूनच बनवलेली खिडकी, ती सोडणारा लिव्हर चुकून हलू नये म्हणून लावायची सेफ्टी वायर जागेवर आहे का हे उड्डाणाआधी नीट बघितलंच नव्हतं, म्हणजे अगदी नव्या मशीनवरही हे होऊ शकतं. आणि सहा दिवसांत या हेलिकॉप्टरांची उड्डाणं परत सुरू, शाळेवरून उडणं "शक्य तितकं टाळू" एवढंच आश्वासन, हे मला अजिबात पटत नाही, तिथे सरळ बंदीच पाहिजे होती.