रिंग-डाउन कॅव्हिटी: गॅस सोडा नाहीतर सोडू नका, टाइम १२० मायक्रोसेकंदच येतोय

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचा रिंग-डाउन सेटअप लावलाय, म्हणजे दोन आरशांमध्ये अडकलेला उजेड लेझर बंद केल्यावर किती वेळात विरतो (रिंग-डाउन टाइम) ते बघायचं, गॅस उजेड शोषतो म्हणून गॅस असला की हा टाइम कमी व्हायला हवा. ४०५ नॅनोमीटरचा साधा मल्टिमोड डायोड लेझर, ५० सेंमी अंतरावर ९९.९८ टक्के रिफ्लेक्टिव्हिटीचे दोन आरसे, मागच्या आरशापलीकडे फोटोडायोड आणि तिथून केबल थेट स्कोपला (ऑसिलोस्कोप). लेझर बंद केला की इतका देखणा एक्स्पोनेन्शियल दिसतो की काल फोटो काढून आईला पाठवला. पण नुसती हवा असली तरी १२० आणि गॅस सोडला तरी १२०. आरसे पुसले, अलाइनमेंट दोनदा नव्याने केली, आता डोकंच चालेना. कुणी सांगेल का काय चुकतंय?

उत्तर १
आरशांना हात लावू नकोस गं, उगाच ओरखडे पडतील. आधी कागदावर बघ, अंतर भागिले प्रकाशाचा वेग आणि परत भागिले एका आरशावर दरवेळी होणारा लॉस म्हणजे ०.०००२, उत्तर येतं ८.३ मायक्रोसेकंद. १२० म्हणजे आरसे कॅटलॉगपेक्षा चौदापट भारी निघाले, एवढं फुकटात कोण देतं? स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर आहे ना? मीटरभर कोअॅक्स केबलची कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड, स्कोपची स्वतःची वीसेक, त्याला १ मेगाओहमने गुण, १२० मायक्रोसेकंदच येतात. तू गॅस नाही, केबल मोजतेयस :)
खात्री करायची तर दोन्ही आरसे काढ, लेझर मंद करून सरळ डायोडवर सोड आणि बंद कर. तरी १२०च दिसणार.

उत्तर २
+१, आमच्याकडे सगळ्यांचं एकदा तरी हे झालंय. फक्त हा टाइम कमी करायला स्कोपच्या इनपुटला ५० ओहम लावलेस की सिग्नल मेला असंच वाटेल, कारण आरशातून झिरपणारा उजेड मुळातच नगण्य. डायोडजवळच ट्रान्सइम्पीडन्स अॅम्प्लिफायर (डायोडच्या करंटचं मोठं व्होल्टेज करणारा) लाव, काही मेगाहर्ट्झ बँडविड्थ असलेला. आणि गॉगल घाल.

प्रश्नकर्ती
आरसे काढून पाहिलं, खरंच १२० 🤦 आता अॅम्प्लिफायर लावून हवेत ७.१ येतोय आणि गॅस सोडला की घसरतो!! पण ८.३ का नाही? आणि सुरुवातीचा भाग फिटला बसतच नाही.

उत्तर ३
७.१ चांगलाच आहे की, उजेड दोन किलोमीटरच्या वर फिरून येतोय तुझ्या अर्ध्या मीटरच्या नळीत. ४०५ला हवेचं स्वतःचं रेले स्कॅटरिंग असतंच (हवेच्या रेणूंवरून उजेड विखुरणं, आभाळ निळं दिसतं तेच), ते धरलं की ८.३चा ७.६ होतो, उरलेलं धूळ नाहीतर आरसे जरा कमी प्रतीचे. म्हणून रिकाम्या कॅव्हिटीचा टाइम गाळलेल्या हवेत, त्याच प्रेशरला घ्यायचा, व्हॅक्यूममधला घेऊन वजाबाकी केलीस तर हवाच गॅस म्हणून मोजशील.
सुरुवातीचा मायक्रोसेकंदभर टाकून दे, लेझर बंद व्हायला आणि अॅम्प्लिफायरला सावरायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही वाकडं दिसलं तर एकापेक्षा जास्त ट्रान्सव्हर्स मोड (आरशांमधल्या उजेडाचे आडवे आकार) आहेत, प्रत्येकाचा लॉस थोडा वेगळा, तेव्हा अलाइनमेंट आणि लेन्स बघ. लॉग घेऊन सरळ रेष मारत असशील तर ते मात्र बंद कर, बेसलाइन जराशी वर-खाली असली तरी शेपूट वाकतं, ऑफसेट फिटमध्येच मोकळा सोड.
लेझरची पॉवर हलते म्हणून घाबरू नको, सिग्नलची उंची बदलते पण विरण्याचा वेग नाही. १९८८ला ओ'कीफ आणि डीकन या संशोधकांनी पल्स्ड लेझरवर हे केलं ते त्याच जोरावर, पल्सगणिक उंची बदलायची तरी चालायचं.

प्रश्नकर्ती
लॉगच घेत होते :( ऑफसेट मोकळा सोडल्यावर ७.३.